सोलापूर एके काळी दक्षिण गोलार्धात होते

मोहोळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी पाठवलेला प्रश्न असा आहे : "खंड सरकतात असे आम्ही वर्गात शिकवतो. नववीतल्या एका मुलीने विचारले, की मग आपले सोलापूर पूर्वी कुठे होते आणि ते सरकल्यामुळे आपल्या जगण्यात काय फरक पडला? पुस्तकात हिमालय येतो, जपान येतो, आंडीज येतो. आपला जिल्हा कुठेच येत नाही. तिला काय सांगावे?"

मी गेली तीसहून अधिक वर्षे सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत भूजल सर्वेक्षणाचे काम करतो. विहिरीत उतरून थर मोजणे आणि बोअरमधून निघालेला चुरा बोटांनी चोळून पाहणे यातच माझे बहुतेक दिवस गेले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी आपल्याच जमिनीपासून देतो, कारण मुलीचा प्रश्न तिथूनच निघालेला आहे आणि तो अगदी रास्त आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. सोलापूर आज विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेसतरा अंशांवर आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड ज्या काळात लाव्हा होऊन पसरला आणि थिजला, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्या काळात ही जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला तीस अंशांच्या आसपास होती. दक्षिण आफ्रिकेतले दर्बान शहर आज ज्या अक्षांशावर आहे, साधारण तिथे. म्हणजे हा दगड थिजल्यापासून पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून इथे आला आहे. सरासरी काढली तर हा वेग वर्षाला सात-आठ सेंटिमीटर पडतो.

दुसऱ्या भागाचे उत्तर मोठे आहे, आणि ते समजण्यासाठी मुलांना एकदा विहिरीच्या काठावर उभे करावे. मोहोळ परिसरात आठ परस खोल विहीर खोदताना मी पाहिलेला छेद सांगतो. वरचे दोन-तीन हात काळी माती, उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेली. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पट्टा. मग पिवळसर मुरूम. त्याखाली मांजऱ्या खडक, ज्यात वाटाण्यापासून लिंबाएवढ्या पोकळ्या असतात आणि त्या पांढऱ्या गारगोटीने भरलेल्या असतात. त्याखाली वीतभर जाडीचा, विटेसारखा तांबडा गेरूचा थर, आणि मग काळा पाषाण, ज्यावर पहार मारली की ठिणगी उडते. त्या विहिरीला पाणी लागले ते मांजऱ्या खडक आणि तांबडा थर यांच्या सांध्यात. खोदणाऱ्या माणसांना हे अनुभवाने ठाऊक होते. गेरू दिसला की ती हात आखडता घेत आणि पाझर कुठून येतो ते आधी पाहत.

या छेदात दख्खनच्या पठाराची सगळी जडणघडण आहे. पाषाण म्हणजे एका लाव्हा प्रवाहाचा मधला, सावकाश थंड झालेला घट्ट भाग. मांजऱ्या म्हणजे प्रवाहाचा वरचा भाग. त्यातले वायूचे बुडबुडे थिजताना अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे खनिजे साचून गारगोट्या झाल्या. तांबडा थर म्हणजे दोन प्रवाहांमधली विश्रांती : खालचा दगड ऊन-पावसात कुजून त्याची माती झाली आणि मग वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली. मुले नेहमी विचारतात, की एवढा लाव्हा आला तर ज्वालामुखीचा डोंगर कुठे आहे? तसा एक डोंगर नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. काही प्रवाह पार आजच्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळ पोहोचले आहेत. आज जो दगड झिजून उरला आहे, तोही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि महाराष्ट्राचे जवळजवळ चार-पंचमांश क्षेत्र त्याने व्यापले आहे. महाबळेश्वरच्या कड्यांमध्ये या थरांची जाडी एक किलोमीटरहून अधिक दिसते. आपल्याकडे, पठाराच्या पूर्व कडेला, ती काहीशे मीटरवर येते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर संशोधनासाठी जे खोल छिद्र घेतले, त्यात साधारण ३३८ मीटरवर बेसाल्ट, म्हणजे हा लाव्ह्याचा काळा दगड, संपला, मग थोडा गाळाचा थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना पट्टेदार खडक सुरू झाला.

तो जुना खडक म्हणजे खरे खंड. हंपीला सहलीला गेलेल्या मुलांनी तांबूस-करड्या गोलाकार शिळांचे ढीग पाहिले असतील. त्या शिळा अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासच्या आहेत, आणि त्याच जातीचा पाया बेसाल्टच्या गोधडीखाली आपल्याकडेही पसरलेला आहे. खंड कसे तयार झाले याचे उत्तर या दोन दगडांच्या वजनातच आहे. ग्रॅनाइट हलका, बेसाल्ट जड. समुद्रतळ बेसाल्टचा असतो, साधारण सात किलोमीटर जाड. तो मध्यसागरी पर्वतरांगांवर नव्याने तयार होतो, दूर सरकत थंड आणि जड होतो आणि शेवटी खोल गर्तांमधून पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. म्हणून आजच्या महासागरांचा तळ कुठेही सुमारे वीस कोटी वर्षांपेक्षा फारसा जुना सापडत नाही. पोटात जाणाऱ्या त्या तळाबरोबर पाणीही खाली जाते, त्याने खोलवरचा खडक अंशतः वितळतो, आणि त्या वितळलेल्यातला हलका भाग वर येऊन ग्रॅनाइटसारखे खडक बनतात. ते पुन्हा सहजासहजी बुडत नाहीत. दुधावर साय धरावी तसे पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीचे हे हलके खडक कोट्यवधी वर्षे साचत, एकमेकांना चिकटत गेले आणि खंड झाले. कॅनडात चारशे कोटी वर्षांचे खडक सापडले आहेत. समुद्रतळाला एवढे आयुष्य मिळत नाही.

येथे एक गैरसमज वर्गातच दूर करावा. खंड लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगतात असे बरीच मुले समजतात, आणि काही मार्गदर्शकांतही तसे छापलेले मी पाहिले आहे. ते खरे नाही. शंभर किलोमीटरच्या आसपास जाडीचे भूपट्ट, म्हणजे खंड आणि समुद्रतळ वाहून नेणारे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे मोठे तुकडे, ज्यावरून सरकतात ते प्रावरण, म्हणजे त्याखालचा खोल थर, घनच असते. फक्त ते इतके तापलेले असते की लाखो वर्षांच्या मापाने ते हळूहळू वाहते. आणि भूपट्टाला ओढणारे मुख्य बळ खालून ढकलणाऱ्या लाव्ह्याचे नसून, गर्तेत बुडणाऱ्या त्याच्या स्वतःच्या जड कडेचे असते. ओट्यावरून लोंबणारी धाबळी स्वतःच्या वजनाने घसरत जाते, तसे काहीसे.

खंड सरकतात हे कळले कसे, यात आपल्या दगडाचा वाटा मोठा आहे, आणि तो मुलांना सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली. त्यांच्याजवळ पुरावे होते : ग्लोसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या एकाच वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सापडत होते. चंद्रपूर-वणीचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा आहे. वेगेनर यांनी कल्पना मांडली त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश संशोधक स्कॉट यांच्या तुकडीने प्राण सोडले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड मिळाले, आणि त्यांतही हेच पान होते. मरणाच्या दारातही त्या माणसांनी ते ओझे टाकले नव्हते. या सगळ्या भूभागांचा मिळून जो महाखंड होता त्याला गोंडवन हे नाव आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरूनच मिळाले. पण वेगेनर यांना खंड कोणत्या बळाने सरकतात हे सांगता आले नाही, बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यांना झिडकारले, आणि १९३० मध्ये ते ग्रीनलंडच्या हिमावर मरण पावले.

पुढचा भक्कम पुरावा १९५० च्या दशकात दख्खनच्या काळ्या दगडाने दिला. बेसाल्टमध्ये लोहाच्या एका ऑक्साइडचे, मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा थिजून तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअसखाली उतरले, की हे कण पृथ्वीच्या त्या वेळच्या, त्या जागेच्या चुंबकीय दिशेत कायमचे लागतात. ही दिशा विषुववृत्तावर आडवी आणि ध्रुवाकडे जावे तशी उभी होत जाते. त्यामुळे कणांचा कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. ब्रिटिश संशोधकांनी दख्खनचे नमुने नेऊन मोजले, तेव्हा दगड भारताच्या आजच्या जागेशी जुळेना. तो दक्षिण गोलार्धात थिजल्याचे सांगत होता. यानंतर १९६३ मध्ये समुद्रतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागला, की मध्यसागरी रांगांवर नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकत जातो, आणि दशकभरात खंडवहनाला विरोध करणारे जवळजवळ उरले नाहीत.

हा प्रवास थोडक्यात असा झाला. गोंडवन फुटू लागल्यावर आपला भूभाग आधी आफ्रिकेपासून, मग अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटले. दख्खनचा लाव्हा उसळल्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा पश्चिमेकडे राहिला. हा लाव्हा पुरवणारा प्रावरणातला तप्त स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे असे मानले जाते. त्यावरून भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव अशी ज्वालामुखी पायावरची रांग उमटत गेली. या काळात भारतीय भूपट्टाचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरहूनही अधिक होता, भूपट्टांच्या मानाने फार मोठा. मग सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि वेग पाच सेंटिमीटरच्या आसपास आला. मधला टेथिस समुद्र मिटून त्याचा गाळ चुरगळत वर उचलला गेला, तोच हिमालय.

या गोष्टीचा पुरावा आपल्याकडे अनेक घरांच्या देवघरात आहे. शाळिग्राम हातात घेऊन पाहावा : काळा, गुळगुळीत, आणि फुटलेला असेल तर आत चक्राची वलये. ती वलये अमोनाइट नावाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जीवाच्या शंखाची आहेत. तो पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वी टेथिसमध्ये पोहत होता, आणि आज त्याचा दगड नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर सापडतो आणि काली गंडकीच्या पात्रातून वाहत येतो. श्रद्धेला यात कुठेही बाधा येत नाही. उलट, तुळशीपत्र वाहताना आपल्या तळहातावर एक मिटलेला समुद्र आहे हे मुलांना कळले, तर ती त्या शाळिग्रामाकडे अधिक लक्षपूर्वक पाहतील.

ती टक्कर अजून थांबलेली नाही, आणि तिची किंमत आपल्या भागाने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. मी त्या वेळी सोलापुरात होतो. फळीवरची भांडी वाजली, पलंग हलला, आणि आदल्या रात्री गणपती विसर्जन करून उशिरा झोपलेली आमची गल्ली रस्त्यावर आली. उजाडल्यावर कळले, की आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत असलेली किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे झोपेतच गाडली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगात दरवर्षी त्याहून मोठे अनेक भूकंप होतात, पण इथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यापूर्वीच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हिमालयाशी होणाऱ्या रेट्याचा ताण संपूर्ण भूपट्टात साठत जातो आणि जुन्या खडकातील एखादी दुबळी जागा त्याखाली सरकते, हे त्या पहाटेनंतर साऱ्यांना मान्य करावे लागले.

एवढी माणसे का गेली, हे सांगताना मला दगडाकडून घराकडे यावे लागते. काही दिवसांनी आम्ही त्या गावांत गेलो तेव्हा पाहिले, की भिंती दोन-अडीच हात जाड, ओबडधोबड काळ्या गोट्यांच्या, मातीत रचलेल्या होत्या. आतला आणि बाहेरचा पदर सांधणारा आरपार दगड क्वचितच होता. वर माळवदाचे धाबे, त्यावर दर दोन-चार वर्षांनी आणखी मातीचा थर चढवलेला. ही घरे अज्ञानाने बांधलेली नव्हती. जिथे लाकूड कमी, दगड पायाखाली फुकट, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तिथे जाड भिंत आणि मातीचे छप्पर हेच शहाणपण होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याने माणसांना गारवा दिला. बेसाल्टच्या प्रदेशात अशीच घरे होणार होती. पण हा प्रदेश हलू शकतो ही माहिती त्या शहाणपणात कधी आलीच नव्हती, कारण माणसाच्या आठवणीत तो इतका हललेला नव्हता. खंडांच्या काळाचे आणि गावाच्या आठवणीचे माप किती वेगळे असते, हे मला त्या ढिगाऱ्यांजवळ जेवढे कळले तेवढे कुठल्याही वर्गात कळले नाही.

आता रोजच्या जगण्याकडे येतो. भूखंड तुटताना पश्चिमेकडची कडा उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कलले. त्या तुटलेल्या, झिजत मागे हटलेल्या कडेला आपण सह्याद्री म्हणतो. भीमा नदी भीमाशंकरला उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर असताना ती त्याच्याकडे पाठ फिरवून पंढरपूरकडे येते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. कारण तो कल. हिमालयाची भिंत उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवते आणि मोसमी वाऱ्यांना आजचे बळ मिळण्यात तिचा मोठा भाग आहे. पण ते वारे सह्याद्री चढताना जवळजवळ रिते होतात. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि आपल्या वाट्याला साधारण सहाशे येतो, त्यातही सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या तोंडावर. एक हिमालय आणि एक सह्याद्री, दोन्ही एकाच फुटण्या-सरकण्यातून आलेले. एकाने पाऊस बोलावला आणि दुसऱ्याने तो वाटेत उतरवून घेतला.

या कोरड्या पट्ट्यात माणसे टिकली ती काळ्या मातीमुळे. बेसाल्ट कुजून होणाऱ्या मातीतील चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि ते दीर्घकाळ धरून ठेवते. भीमा आणि माण नद्यांच्या काठी, मंगळवेढ्याच्या शिवारात, ती फार खोल आहे. म्हणून तेथे पावसाळ्यात रान मोकळे ठेवून, हस्ताच्या आगेमागे ज्वारी पेरतात आणि पुढे एक थेंब न पडताही ती केवळ ओलीवर उभी राहते. आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही या शेतीची सर्वांत परिचित जात. धान्य पेवांत साठवण्याची रीत, 'ज्वारीचे कोठार' हे मंगळवेढ्याचे नाव, आणि बहामनी काळात दुष्काळग्रस्तांसाठी सरकारी कोठारे उघडणाऱ्या दामाजीपंतांची परंपरेने आलेली कथा, हे सारे त्या खोल मातीवर उभे आहे. जिथे माती वीतभर आणि खाली मुरूम, तिथे नान्नजसारखे माळ राहिले. गवत, माळढोक आणि मेंढरे यांचा मुलूख. पठारावरचे धनगर पावसाळा या कोरड्या माळांवर काढत आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात, ही फेरी म्हणजे सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या पावसाचा पायांनी घेतलेला हिशोबच होता.

मुलांना खंडांचे वेगळे होणे शिकवायला सर्वांत सोपे साधन डब्यात असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ज्वारी मूळची पूर्व आफ्रिकेकडची. चार हजार वर्षांच्या आसपास ती आपल्याकडे आली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, आणि मिरचीही अमेरिकेतलीच. ही दोन्ही पोर्तुगीज भारतात आल्यानंतर पोहोचली. शेजारी तुरीचे वरण असेल तर तूर मात्र आपली, भारतात लागवडीत आलेली. मुले लगेच म्हणतात, की आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका आपल्याला जोडलेले होते म्हणून ही पिके आली. इथेच थांबवून विचार करायला लावावे. गोंडवन फुटले तेव्हा ज्वारी नव्हती, भुईमूग नव्हता, मिरचीही नव्हती. खंड दूर गेल्यानंतर प्रत्येकावर वेगळी झाडे घडली; म्हणून अमेरिकेकडे मका-मिरची आणि आपल्याकडे तूर-तीळ. हे वेगळेपण खंडांनी दिले आणि ते पुन्हा एका ताटात आणले ते माणसांनी, गलबतांतून. दोन्हींमध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर विसरले की सगळी मांडणी चुकते.

व्यापाराचेही तसेच. बार्शीपासून जवळ असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात नोंद आहे, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील तगर येथून साधे आणि तलम कापड भडोचच्या बंदरात जाई. काळ्या मातीतला कापूस, घाटातून उतरणारी वाट, मोसमी वाऱ्यावर चालणारी जहाजे, आणि पुढे रोमकडे नेणारा तांबडा समुद्र. हा तांबडा समुद्र म्हणजे अरबस्तान आफ्रिकेपासून तुटू लागल्याने गेल्या तीन कोटी वर्षांत उघडलेली फट आहे. ती उघडली नसती तर तेरच्या विणकराचे कापड त्या वाटेने गेले नसते. पण ती उघडी असूनही हजारो वर्षे तसा व्यापार नव्हता. वाऱ्याचे वेळापत्रक खलाशांनी शिकून घेतल्यावर तो भरभराटला.

त्याहून जुनी साक्ष भीमेच्याच खोऱ्यात, घोड नदीकाठी इनामगावला आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तेथे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. त्यांची धारदार पाती कॅल्सेडनीची होती, म्हणजे आपल्या मांजऱ्या खडकातल्या पोकळ्यांत साचणाऱ्या गारगोटीच्याच कुळातल्या दगडाची. लाव्ह्यातील बुडबुड्यांनी त्या माणसांना विळ्याचे पाते पुरवले. शेवटच्या टप्प्यात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि उत्खनन करणाऱ्यांनी हा बदल पाऊस कमी होण्याशी जोडला.

अशी उदाहरणे वाचून कोणी म्हणेल, की मग सगळे दगडानेच ठरवले. माझे मत तसे नाही, आणि वर्गात ही बाजू आवर्जून मांडावी. मराठीचा मुलूख आणि बेसाल्टचा मुलूख जवळजवळ एकच आहे असे काही जण मोठ्या उत्साहाने सांगतात. नकाशावर ते छान दिसते. पण माळव्यात बेसाल्ट आहे आणि मराठी नाही, तर दक्षिण कोकणात आणि पूर्व विदर्भात मराठी आहे आणि बेसाल्ट फारसा नाही. आपल्या शहरात तर एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते, आणि खालचा दगड एकच आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे लोकांकडून तलाव खोदून घेतला. कमी पाऊस आणि कठीण खडक यांमुळे तलावाची गरज निर्माण झाली हे खरे. पण तो खोदायचा, आणि सर्वांनी मिळून खोदायचा, हा निर्णय माणसांचा. गिरण्यांचेही पाहा. काळ्या मातीतला कापूस फार जुना होता. १८६० मध्ये रेल्वे आली, तेलंगणातून विणकर आले, १८७६ च्या दुष्काळात कामाच्या शोधात माणसे शहरात आली, आणि १८७७ मध्ये 'जुनी मिल' या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. माती नसती तर गिरणी नसती, पण मातीने गिरणी बांधली नाही.

खोल बोअर मारण्याचा आजचा निर्णय मात्र मला काळजीत टाकतो, आणि ती काळजी मी गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या बांधावर बसून बोलून दाखवत आलो आहे. आपल्या बेसाल्टमध्ये बहुतेक पाणी वरच्या वीस-तीस मीटरांत, मुरूम, मांजऱ्या आणि सांधे यांत असते. त्याखालच्या घट्ट पाषाणात फटीच थोड्या, आणि त्यांतले पाणी एकदा उपसले की भरून यायला फार काळ लागतो. उसासाठी सहाशे-आठशे फूट बोअर मारणारा माणूस नवा साठा शोधत नसतो. तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी खालून ओढत असतो. ज्या दगडाने पाणी सांध्यातच ठेवायचे असे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ठरवून टाकले आहे, त्याच्याशी वाद घालून पाणी वाढत नाही.

बाई, त्या मुलीसाठी एक प्रयोग सुचवतो. पंढरपूरला गेल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात एक साधे लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवावे. कागदाला काळे, चमकदार कण केसांसारखे उभे चिकटतील. ते बहुतांशी बेसाल्टमधून झिजून आलेले मॅग्नेटाइटचे कण आहेत. नदीने घरंगळत आणल्यामुळे त्यांची मूळ दिशा आता हरवली आहे. पण शाळेजवळच्या विहिरीच्या तळाशी जो अखंड पाषाण आहे, त्यात तेच कण जागच्या जागी बसलेले आहेत, आणि त्यांची दिशा अजूनही दक्षिण गोलार्धातली आहे.